देगलूरचं पितळी झुंबर

विशाखा नेदरलँड्सहून परत आली तेव्हा देगलूरच्या लोकांना वाटलं, आता ही पुण्याला नाहीतर हैदराबादला मोठ्या कंपनीत जाणार. तिनं मात्र नांदेडच्या एमआयडीसीत पत्र्याचं शेड घेतलं आणि भट्टी लावली. तिकडच्या एका जुन्या ओतशाळेत ती पितळी झुंबरं करायला शिकली होती. वाळूच्या साच्यात ओतलेल्या वळणदार फांद्या, मधे लेथवर कातलेला खांब आणि तळाला मोठा चकचकीत गोळा. मेणबत्त्यांचा उजेड त्या गोळ्यावर पडला की खोलीभर पसरतो. फांद्या पितळी खुंट्यांवर नुसत्या अडकवायच्या. स्क्रूचं काम नाही.

देगलूरच्या विहाराची नवी इमारत तेव्हा पुरी होत आली होती. विशाखा समितीपुढं जाऊन म्हणाली, "बुद्धपौर्णिमेला झुंबर मी देणार."

अध्यक्ष आनंदराज काका निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "पोरी, हैदराबादेत तयार मिळतं. बटन दाबलं की लागतं. हे परदेशी काम इथं जमंल का?"

"घडण त्यांची हाय काका. पितळ आपलं, आन् हात माझे."

मग ती बौद्धवाड्यात घरोघर फिरली. कुणी तांब्या दिला, कुणी परात. केवळामाय सगळ्यांत म्हातारी. तिनं आतून पितळी घागर आणली आणि विशाखाच्या पुढ्यात ठेवली.

"पोरगी होते मी. हिरीला आमचा हात चालत नव्हता. ही घागर लांब ठेवायची, आन् कुणी वरून पाणी ओतंल म्हून उन्हात बसायचं. दुपार जायची सारी. हिला आता वर टांग. बघू दे समद्यांला मान वर करून."

ही घागर गोळ्यातच जाणार, हे विशाखानं तिथंच ठरवलं.

मदतीला उदगीरकडचा गुंडप्पा होता. बैलांच्या घंटा ओतण्यात त्याचा जन्म गेलेला. फांद्या झकास उतरल्या. गोळा दोन अर्ध्यांत ओतायचा होता. साचा फोडला, तर एका अर्ध्याला मुठीएवढं भोक आणि अंगभर फोड. वाळूत ओल राहिली होती, तिची वाफ पितळात शिरली होती.

गुंडप्पा म्हणाला, "ताई, डाक देऊन भोक बुजवू, घासून पॉलिश करू. इतक्या वर कोण बघतंय?"

विशाखानं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं घण उचलला आणि तो अर्धा तुकडे तुकडे केला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः देगलूरला गेली. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, पण लपवणं तिला जमेना.

"गेली का घागर?" केवळामायनं विचारलं.

"न्हाई माय. तेच पितळ परत वितळवायचं हाय. माझी चूक झाली."

"मंग रडत काय बसली? ओत की!"

या खेपेला साचा तिनं नीट शेकून कोरडा केला. तुकडे भट्टीतल्या मुशीत गेले, पहिल्या ओतणीत जळून गेलेल्या जस्ताच्या भरपाईला थोडं नवं जस्त पडलं. गुंडप्पा आणि तिनं मिळून मूस उचलली. "धार तुटू देऊ नको, ताई," एवढंच तो बोलला. साचा फोडून त्यानं नव्या अर्ध्यावर टिचकी मारली. नाद खणखणीत आला. गुंडप्पाला कानडीच्या बाहेर शब्द सुचेनात. "छलो बंतु! छलो बंतु!" झकास उतरलं, एवढंच तो म्हणत राहिला.

पौर्णिमेला सांजेच्या वंदनेआधी झुंबर वर चढलं. फांद्या आपापल्या खुंट्यांवर बसल्या, मेणबत्त्या पेटल्या. खालची सगळी माणसं त्या गोळ्यात इवलीइवली दिसू लागली. केवळामाय खुर्चीत बसून कितीतरी वेळ वर बघत होती. "आपल्या वाड्यातली समदी त्यात हायती," ती शेजारणीला म्हणाली.

वंदना झाल्यावर देवणीहून आलेल्या पाहुण्यांनी आनंदराज काकांना गाठलं. असं झुंबर आमच्या विहाराला मागवायचं तर कुठून, हैदराबादेहून का?

काकांनी चष्मा पुसला, छाती पुढं काढली. "हैदराबाद कशाला? आमच्या पोरीची भट्टी हाय नांदेडला. उद्या सकाळी चला, मी सोता दाखवतो."

विशाखा खांबामागं उभी होती. सगळं तिनं ऐकलं. पुढं येऊन तिनं पाहुण्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्या विहाराची उंची किती हाय?"