मास्तरांचा होकार

सूपचा पहिला चमचा मास्तरांच्या ओठांशी आला, तेवढ्यात सिस्टरने सुनेचा हात धरला.

"थांबा जरा."

आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून मास्तरांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. शौचाला होईल तेव्हाच खायला, असा सर्जनचा हुकूम. सकाळी राउंडला त्यांनी सगळ्यांदेखत "झाली का?" म्हणून विचारलं आणि मास्तरांनी खिडकीकडे बघत होकारार्थी मान हलवली. तेव्हाच सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली होती. चादरीखालचं फुगलेलं पोट काही वेगळंच सांगत होतं.

पण सरळ विचारलं तर हा माणूस लाजेने पुन्हा मानच हलवणार. जन्मभर लॅटिन शिकवलेला माणूस. आणि तिलाही एक शंका फार दिवसांपासून होतीच.

"सर, आमच्या कागदांवर शौचाला होण्याला 'डेफिकेट' असं लिहितात. हा शब्द लॅटिनच ना?"

मास्तरांची कळी खुलली. 'फाएक्स' म्हणजे दारूच्या तळाशी बसलेला गाळ, ते सांगू लागले, आणि 'दे' म्हणजे दूर. गाळ काढून दारू नितळ करायची, ती ही क्रिया. इंग्रजीतही आधी निवळणं, शुद्ध करणं हाच अर्थ होता. पोटाशी त्याचा संबंध बराच उशिरा आला.

"म्हणजे मुळात घाणेरडा शब्द नव्हताच?"

"छे. चारचौघांतला शब्द."

"मग आपणच का एवढे लाजतो?" तिने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, सकाळी मी खोटं बोललो."

सुनेने वाटी खाली ठेवली. "बाबा, अहो, जिवाशी खेळ का हा?"

"तू समोर होतीस ना."

सिस्टरने सूप उचलून नेलं, सर्जनना फोन केला. आता पुन्हा उपास, कदाचित नाकातून नळीही, हे तिने दोघांना आडपडदा न ठेवता सांगितलं. मग आतडी हलू लागली का ते ऐकायला तिने स्टेथोस्कोप काढला, तशी सून सवयीने बाहेर निघाली.

"बस इथेच," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच सदरा वर केला. टाक्यांची लांब रेघ, दोन्ही बाजूंनी ताणलेलं पोट.

सुनेने स्टूल जवळ ओढलं. "येतोय का काही आवाज?"

सिस्टरने बोट उचलून तिला थांबवलं. तिघंही श्वास रोखून त्या पोटाकडे बघत राहिली.