भाड्याचा नवरा

नवरा सोबत असला की गरोदर बाईचा नंबर आधी लागतो, हा त्या दवाखान्याचा नियम. एकटीने जावं तर दुपारपर्यंत बाकावर बसा, आणि शेवटी ‘उद्या त्याला घेऊन ये’ ऐकून परत फिरा. नियम करणारा शहाणा असेल, पण त्याने आमच्या बुसोगा भागातले नवरे पाहिले नसावेत. बायकांनी मग आपली सोय केली. नाक्यावरचा मोटरसायकलवाला गाठायचा. तो दवाखान्यात आणून सोडतो आणि तासभर नवराही होतो.

नांगोबीने बालिकोवा नावाच्या मोटरसायकलवाल्याला गाठलं. मागल्या वर्षी तिचं मूल दिवस भरून मेलेलंच जन्मलं होतं. सासू म्हणाली करणी, शेजारीण म्हणाली नजर. हे तरी जगावं म्हणून तिची धडपड. तिचा खरा नवरा, उसाच्या ट्रकवरचा इसाबिरये, म्हणाला होता, "पोट तुझं, दवाखाना तुझा."

दोघांचं रक्त तपासून झाल्यावर नर्सबाईंनी दार लोटून घेतलं.

"नांगोबी, तुला गरमी आहे, अंगसंगातून लागणारा रोग. मागचं मूलही बहुधा त्यानेच गेलं. रडू नकोस. मलेरियाला लाजतेस का? मग याला कसली लाज? तीन इंजेक्शनं घे, तू बरी होशील, मूलही वाचेल. पण नवऱ्यालाही टोचायला हवं, नाहीतर तो पुन्हा देईल." बालिकोवाकडे वळून त्या थबकल्या. "तुमचं रक्त तर साफ आहे."

बालिकोवा छतावरची पाल बघू लागला. नांगोबी गप्प राहिली असती तर लबाडी झाकली गेली असती, पण मूल गेलं असतं.

"हा माझा नवरा नाही," नांगोबी म्हणाली.

"भाड्याचा का? अगं, या बाकावरचे निम्मे तसलेच. खऱ्याला आण. मी ओरडणार नाही."

पहिलं इंजेक्शन घेऊन ती घरी आली. रीतीप्रमाणे नवऱ्यापुढे गुडघे टेकून तिने सगळं सांगितलं.

"बालिकोवाचं रक्त कसं निघालं?" इसाबिरयेने विचारलं.

"साफ."

"तो कुणाच्या नावाने बसला होता?"

"तुमच्या."

"मग झालं की!" त्याने मांडीवर थाप मारली. "इसाबिरये साफ आहे. दवाखानाच सांगतोय. घाण तुझी."

"अहो, रक्त त्याचं होतं!"

"नाव माझं होतं."

संध्याकाळी नाचणीच्या दारूच्या मडक्याभोवती, लांब नळ्या तोंडात धरून बसलेल्या मित्रांना त्याने हेच सांगितलं. भाड्याचा नवरा तेवढा गाळला. चोर तो चोर, वर शिरजोर. "माझा नातू हिनेच खाल्ला," म्हणत सासूने तिच्या हातचं जेवण सोडलं. बालिकोवाला खरं ठाऊक होतं, पण त्यालाही नाक्यावर धंदा करायचा होता.

आणि एवढं करून इसाबिरयेला ती अंथरुणात हवीच होती. दिवसा घाण म्हणायचं आणि रात्री जवळ ओढायचं, याला काय म्हणावं? नांगोबीने चटई उचलली आणि चुलीच्या झोपडीत नेली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच चालत गेली. नर्सबाईंनी दाराकडे पाहिलं. "खरा कुठाय?"

"तो साफ आहे, बाई. गावाला विचारा." ती तपासणीच्या खाटेवर कुशीला आडवी झाली. "मला टोचा. मूल होईस्तोवर मी चुलीपाशी झोपते, दाराला आतून मुसळ लावून."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पुन्हा तीन इंजेक्शनं काढून ठेवा."