पानाआडचं डाळिंब

कू घराण्यात मुलासाठी दुसरी, धाकटी बायको आणायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या थोरल्या बायकोला, स्वीयुनला, बोलावून घेतलं. स्वीयुनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती.

"नव्या नवरीच्या खोलीत डाळिंबाचं चित्र हवं. उकललेलं, दाणे दिसतील असं. दाणे तितके मुलगे. तुझा हात चांगला आहे, तूच काढ."

"बरं, आई."

स्वीयुन शाईची कांडी दगडावर उगाळत बसली. शेजारी एक नासपती काढावी, असं मनात आलं. त्यांच्या भाषेत नासपती आणि ताटातूट, दोन्हींचा उच्चार एकच. लग्नाच्या खोलीत ते फळ कुणी ठेवत नाही. मग तिची तिलाच लाज वाटली. त्या पोरीनं तिचं काय वाकडं केलं होतं? तिनं डाळिंबच काढलं, आणि जीव ओतून काढलं.

नवी मुलगी सकाळच्या नावेनं आली. आमान तिचं नाव. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून ती दबकत थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, डाळिंब काळं कसं हो?"

"शाईतलं आहे. लाल आपण समजायचं."

"आणि हे इतके दाणे?"

स्वीयुननं अर्थ सांगितला.

"माझ्या पलंगासमोर लावणार ना हे?" आमान हळूच म्हणाली. "आणि मला नाहीच झालं काही, तर?"

स्वीयुननं जाड कुंचला गडद शाईत बुडवला आणि एका फटकाऱ्यात रुंद पान ओढलं. उकललेली फट त्याखाली गेली. कडेला दोनचार दाणे तेवढे उरले.

सासूबाई संध्याकाळी चित्र बघून थबकल्या. "दाणे कुठे गेले?"

"पानाआड आहेत, आई. मोजले की दृष्ट लागते."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पण मुहूर्त टळत होता, चित्र भिंतीवर लागलं.

तिसऱ्या हिवाळ्यात आमानला मुलगी झाली. बाळ महिन्याचं झाल्याच्या जेवणाला सासूबाई डोकं दुखतंय म्हणून खोलीतच राहिल्या. नवरा आला, बाळाला बघून, हातात न घेताच निघून गेला. स्वीयुननं पाळण्यावर ऑर्किडचं छोटं चित्र टांगलं.

"हे कशाचं, ताई?" आमाननं विचारलं.

"हे डोंगरातलं फूल. बघायला कुणी नसलं तरी दरवळतं," स्वीयुन म्हणाली, आणि तिनं बाळाला मांडीवर घेतलं.