देव्हाऱ्याची वायर

"मथुरा, देवापुढचा दिवा विझू देऊ नको गं." सासूबाई जाताना एवढंच बोलल्या होत्या. मथुराने त्यांचा हात हातात घेऊन "नाही विझू देणार" म्हटलं होतं, आणि सोमवार-शनिवारच्या उपासांसारखंच तेही निभावत आली होती.

आज बोरीवलीच्या घरात ती जपाला बसली होती खरी, पण मणी पुढे सरकेना. आतून सौरभ ओरडला, "वाट लागली! परत तीच घरघर!"

मुलाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे ती आतली खोली, दाराला गोधड्या ठोकलेली. शेजारच्या खोदकामात केबल तुटल्यापासून विजेचा काही भरवसा राहिला नव्हता. सौरभने आधी घरगुती इन्व्हर्टर लावला. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा, आणि माइकमध्ये घरघर यायची ती वेगळीच. मग दहा जणांना विचारून आज ऑनलाइन यूपीएस भाड्याने आणला. वीज गेल्याचं यंत्रांना कळूही न देणारा, स्वच्छ वीज देणारा. तरी घरघर होतीच.

माइकसमोर गोराईच्या माणिकमावशी होत्या, कोळीवाड्यातल्या धवलारीण. लग्नात गाऊन देवांना बोलावणाऱ्या. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार होते. नातीच्या लग्नाला निदान आपला आवाज हजर असावा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

"पोरा, उद्या डाक्टर माजा गला कापनार. तवर तुजी मशीन गप बसंल का रं?"

"मावशी, फ्रिज काढला, पंखा काढला. आता काय मला बंद करू?"

"कर ना! तुजीच बडबड जास्त."

त्या हसल्या, आणि हसता हसता जो खोकला लागला तो थांबेचना. सौरभ बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते.

"आई, वीज अजून आली नाही, बॅटरी उतरतेय. मावशींचा आवाज बसत चाललाय. या लाइनवर काहीतरी आहे गं, सापडतच नाहीये."

तो आत वळला आणि मथुराची नजर देव्हाऱ्यातल्या विजेच्या दिव्यावर गेली. मागे एकदा पडदा पेटता पेटता वाचला, तेव्हापासून तिने तो लावला होता. वीज जायला लागल्यावर त्याची वायर कपाटामागून ओढून तिने सौरभच्या बॅटरीच्या बोर्डात खोचली होती; तोच बोर्ड आता यूपीएसवर होता. एवढासा दिवा, त्याचं काय सांगायचं!

तिने कपाटामागे कान लावला. दिव्याचा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर बारीक किरकिरत होता.

प्लगवर गेलेला हात तिथेच थांबला. आत मावशी पुन्हा खोकल्या.

"सासूबाई, रागावू नका," मथुरा पुटपुटली आणि तिने प्लग उपटला. कोपऱ्यातले देव अंधारात गेले.

"गेली! आई, गेली घरघर!" सौरभ धावत आला. मग त्याला देव्हारा दिसला. "आई, अगं तुझा दिवा..."

"तू आत जा. मावशी थांबल्यात."

दार लागलं. आत मावशींनी सूर लावला. चिरका, थकलेला, पण त्यांचाच. एकेका देवाला त्या हाका मारू लागल्या.

मथुराने निरांजनात फुलवात ठेवली, तुपाची वाटी देवापुढे आणून ठेवली. विझायच्या आत तूप घालत आता इथेच बसायचं. तिने काडेपेटी उचलली आणि थबकली. काडी ओढल्याचा आवाज आत गेला तर?

काडेपेटी कमरेला खोचून, निरांजन तळहातावर धरून ती घराच्या दारापाशी आली. कडी वाजू नये म्हणून बोटांनी दाबून सरकवली आणि अनवाणीच बाहेर जिन्यात गेली.