होडीवरची अक्षरं

चंदू कोपरीच्या खाडीत होड्यांवर नावं रंगवायचा. जाड पोटाची, टोकाला जराशी वर उचललेली अक्षरं. तो गेला, होड्याही मोडीत निघू लागल्या, तशी त्याच्या बायकोला, सगुणाला, ही अक्षरंही जातील अशी धास्ती वाटली. उरल्यासुरल्या होड्यांचे तिने फोटो काढून घेतले. ठाण्यातल्या ज्या छापखान्यात ती कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायची, तिथे मालकाला विचारून सुटी झाल्यावर थांबायची आणि त्या अक्षरांचा फॉन्ट बसवायची. हे सत्त्याण्णव सालचं.

दादरला एक कंपनी लोकांनी केलेले फॉन्ट तपासून घ्यायची आणि विकायची. सगुणा फ्लॉपी घेऊन गेली. तपासणाऱ्या आनंदा राऊतांनी नमुना पाहिला.

"'एकवीरा प्रसन्न' सुरेख दिसतंय. पण ढ कुठाय? ञ? जोडाक्षरंही मोजकीच."

"होडीवर कोण ढ लिहितं, साहेब?"

"फॉन्ट घेणारा काय लिहील ते आपल्याला थोडंच ठाऊक असतं? बहुतेकांचं इथंच चुकतं, बाई. आवडीची तेवढी अक्षरं घेऊन येतात."

कळव्याच्या खोलीत सगुणा कागद घेऊन बसली. "चंदू, तू ढ कसा काढला असतास रे?" तिने मोठ्याने विचारलं. शेजारच्यांचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता. शेवटी तिने आपल्याच अंदाजाने सगळी उणी अक्षरं भरली.

पुन्हा दादर. राऊतांनी पान छापून खिडकीशी धरलं.

"यात दोन हात आहेत," ते म्हणाले. "ओळ सलग वाचवत नाही."

"नवी अक्षरं माझी. बाकीची नवऱ्याची. तो नाही आता."

राऊतांनी पान टेबलावर ठेवलं. "मग सगळी एका हाताने काढा. त्यांना विचारता येणार नाही. तुमचा हात चांगला आहे."

परतताना ती ठाण्याला उतरून कोपरीच्या खाडीवर गेली. चिखलात एक होडी कलंडून पडली होती, तिच्यावरचं नाव आता वाचता येत नव्हतं. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने 'अ'पासून सुरुवात केली. मन घट्ट करून चंदूचं एकेक अक्षर काढून टाकलं आणि तिथे आपलं बसवलं.

फॉन्ट पास झाला. कुणाच्या नावावर, असं विचारल्यावर तिने स्वतःचं नाव सांगितलं.

दिवाळीनंतर नणंद मनुबाई लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. सगुणाने अक्षरं ओळखली.

"हा फॉन्ट मी केलाय, वन्सं."

"आपल्या चंदूची अक्षरं?" मनुबाईने पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "तशी वाटत नाहीत गं."

"त्याची नाहीत. माझी आहेत."

मनुबाईने मान हलवली आणि हळदीला लवकर यायला सांगून ती निघाली. सगुणाने दार लावलं, पत्रिका पुन्हा उघडली, आणि वधूच्या नावापासून खालच्या पत्त्यापर्यंत एकटीच वाचत बसली.