उशिरा वाजणारी घंटा

त्या रविवारी कोथरूडच्या त्या सोसायटीत हॉलबाहेरच्या चपलांनी जिना चढून दुसरा मजला गाठला होता. एरवी वार्षिक सभेला कोरम भरत नाही. पण देव स्वतः उत्तर देतोय म्हटल्यावर पार्किंगवरून बोलणं टाकलेली माणसंसुद्धा मांडीला मांडी लावून बसली होती.

समोर पितळी चौकटीला घंटा टांगलेली. ओढायला दोर नाही, वाजवायला माणूस नाही. शेजारच्या काळ्या पेटीतून नादजप घुमत होता. मखमली आसनावर नादयोगी पुष्करनाथ महाराज. पूर्वाश्रमी हे हिंजवडीतल्या एका कंपनीत बेंचवर, म्हणजे कामाविना पगारावर, होते, आणि तिथे बसून बसूनच त्यांना समाधी लागली, असं लोक म्हणतात.

महाराज आसनावर बसून प्रश्न ऐकत. मग उठून हॉलच्या मधोमध येत आणि दोन्ही हात पाण्याच्या परातीत बुडवत.

"तपासा! बाह्या तपासा, अंगठ्या तपासा! मोबाइल तर आधीच जमा केलाय. आता पुष्कर उरला नाही, फक्त व्हायब्रेशन उरलं. प्रश्नाची फ्रिक्वेन्सी वर जाते, उत्तराची खाली येते. मध्ये जरा नेटवर्क लागतं, म्हणून हा जप!"

जप संपे. हॉल श्वास रोखून धरी. आणि... टण्ण! वाजली की होकार, गप्प राहिली की नकार.

"महाराज, सुनेला कॅनडाचा व्हिसा मिळेल?"

टण्ण! टाळ्यांनी पंखे हलले म्हणतात, ते बंद असूनसुद्धा.

तिसऱ्या रांगेत दिगंबरपंतांना मात्र धड बसवत नव्हतं. पाय हलत होता, बोटं गुडघ्यावर तबला वाजवत होती, उपरण्याचा पीळ घट्ट होऊन सुटत होता.

"अहो, नीट बसा. लोक बघताहेत," कुसुमताई पुटपुटल्या.

नीट कसं बसणार? कुसुमताईंच्या छातीत गाठ लागली होती. उद्या सकाळी तपासणी ठरली होती. आणि त्यांनी घरात जाहीर केलं होतं, "घंटा वाजली तर जाईन. नाही वाजली, तर मला कुणी हात लावायचा नाही." डॉक्टरांनी समजावलं, मुलीने आदळआपट केली, बाई ढिम्म हलली नाही. आता घरातल्या तिघांचा जीव त्या पितळी लोलकाला टांगला होता.

दिगंबरपंतांच्या डोक्यात मागच्या रविवारची एक गोष्ट ठुसठुसत होती. पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाई तणतणत आल्या होत्या. "आपल्या देवाला ऐकू कमी येतं का? माझ्या नातवाचा क्लास चाललाय!" असं म्हणून त्यांनी पेटीचं बटण दाबून जप मध्येच थांबवला. थांबवल्या थांबवल्या घंटा वाजली. महाराज अजून परातीपर्यंत पोचलेही नव्हते! "देवाला घाई झाली," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पंतांनी हे घरी सांगितलं, तेव्हा त्यांची मुलगी वल्लरी जेवता जेवता थांबली होती. कॉम्प्युटरच्या गाभ्यात कुठलं काम आधी आणि कुठलं मागून करायचं, हे लावून देण्याचीच तिची नोकरी.

"बाबा," ती म्हणाली होती, "आईची पाळी आली आणि महाराज उठले, की तुम्ही त्यांच्या आसनावर जाऊन बसा. आणि नेहमीसारखी चुळबुळ करा."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्याइतकं चांगलं ते कुणाला जमणार नाही."

कुसुमताई उठल्या. "महाराज, गाठ आहे. तपासून घेऊ का?"

महाराजांनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर भीती अशी ठसठशीत लिहिली होती की वाचायला सिद्धी लागत नव्हती. ते अलगद उठले आणि परातीकडे निघाले.

"महाराज, पेटी तपासली तर चालेल?" वल्लरीने विचारलं.

"अवश्य! उघड, बाळ. आत जपाशिवाय काही सापडलं, तर मी हिमालयात जाईन."

वल्लरीने लॅपटॉपची वायर पेटीला जोडली. सगळ्यांचे डोळे महाराजांच्या हातांवर. तेवढ्यात दिगंबरपंत "गुडघा धरला हो" म्हणत थेट आसनावर टेकले. मखमलीखाली काहीतरी टक्कन दबलं. पंत डावीकडे कलले, उजवीकडे कलले, मांडी बदलली, पुन्हा बदलली.

जप संपला. शांतता. आणि घंटेऐवजी पेटीतून मोठ्यांदा रिव्हर्स घेणाऱ्या मोटारीची पिपाणी वाजली!

हॉल चक्रावला. दोन-तीन काका सवयीने भिंतीला सरकले. पण महाराजांनी घंटेकडे पाहिलं नाही की पेटीकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं आसनाकडे.

"पाहिलंत?" वल्लरी म्हणाली. "देवाने उत्तर दिलं, तर महाराज गादीकडे का बघतात?"

पंतांनी मखमल उचलली. खाली चपटं बटण होतं.

"पण आम्ही हात तपासत होतो की!" व्हिसावाले गृहस्थ म्हणाले.

"उत्तर येताना तपासत होतात, काका. उत्तर तर उठतानाच ठरलेलं असतं. आंघोळ करताना दारावरची बेल वाजली तर काय करता? 'आलो' म्हणता. दार नंतर उघडता. कॉम्प्युटर असंच करतो. बटण दाबलं की फक्त खूण करून ठेवतो, काम मागून. एरवी हे पापणी लवायच्या आत उरकतं. यांनी जप चालू असेपर्यंत मागची कामं मुद्दाम अडवून ठेवलीत. जप थांबला की चौकटीतलं लोहचुंबक लोलक ओढतं."

"मी तर सात-आठदा दाबलं असेल गं," पंत म्हणाले. "पिपाणी एकदाच कशी?"

"बेल सात-आठदा वाजली म्हणून तुम्ही दार सात-आठदा उघडता का? खूण एकच. आणि त्या खुणेपुढे कुठलं काम करायचं, तेही पेटीत नोंदवावं लागतं. तिथे घंटेची नोंद होती, मी पिपाणीची केली. बस."

"हा नादाचा अपमान आहे!" महाराज ओरडले. हात अजून परातीतच होते.

"हात पुसून घ्या," वेणूबाई दारातून म्हणाल्या. "हिमालयात थंडी असते."

हॉल हसला. कुसुमताई हसल्या नाहीत. "म्हणजे आत्ता यांनी... माझ्यासाठी दाबलंच नव्हतं?"

"नाही, आई. मी वायर जोडली तेव्हा पेटीत खूणच नव्हती. घंटा गप्पच राहणार होती."

"कारण मला 'नाही'च ऐकायचं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ते त्याने ओळखलं."

व्हिसावाल्यांनी मान खाली घातली.

मंडळी, आपल्या मनातलं आपल्यालाच देवाच्या आवाजात ऐकवणारा माणूस भेटला, की त्याचे हात मागून तपासू नका. उत्तर कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते आधी विचारा. आणि शरीराचा प्रश्न असेल, तर तो शरीर जाणणाऱ्यालाच विचारा. तिथलं उत्तर गोड नसेल कदाचित, पण ते खरं असेल.

"अहो," कुसुमताई पदर खोचत म्हणाल्या, "सकाळसाठी रिक्षा सांगून ठेवा. आणि तिथे दवाखान्यात चुळबुळ करू नका."

"करणार," दिगंबरपंत म्हणाले.

"बरं, करा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्यांचा हलणारा हात घट्ट धरला.