अंबादास काकांचा राजीनामा

रविवारी सकाळी नऊ वाजता संत्रा बर्फीचा डबा परत आला. शैला काकू स्वतःच घेऊन आल्या. अंगावर शाल, पायात घरातल्या चपला. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत सी टॉवरपासून ए टॉवरपर्यंत यायला त्यांना एरवी अर्धा तास लागे, कारण वाटेत कोणी ना कोणी भेटेच. आज त्या कोणाशी बोलल्या नसाव्यात. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. त्याचा दोराही सुटलेला नव्हता.

“बसा ना काकू, चहा टाकतो,” सिद्धांत म्हणाला.

“नको. बाबांना सांग, राजीनाम्यावर मिठाई पाठवायची रीत आमच्याकडे नाही.”

सिद्धांत हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करतायत. “राजीनाम्यावरच तर पाठवतात, काकू. झगडा संपला, साइन झालं, मुँह मीठा.”

“झगडा कुठे संपला? त्यांनी कंपनी सोडली, सिद्धांत. राजीनामा दिला म्हणजे काय केलं असं वाटलं तुला?”

“राज़ीनामा. म्हणजे... समझौता. राजी झाले ना काका?”

काकूंनी खुर्चीचा आधार घेतला. “रेझिग्नेशन,” त्या म्हणाल्या. लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश. मग शाल सारखी करून निघून गेल्या.

आत बाथरूममध्ये गीझरचं पाणी पडत होतं आणि सिद्धांतचे वडील, यशवंत गजभिये, मोठ्याने गुणगुणत होते. बायको गेल्यापासून त्यांना कोणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. शुक्रवारपासून मात्र ते रोज गुणगुणत होते, कारण धाकटा भाऊ अंबादास राजी झाला अशी त्यांची समजूत होती. ती समजूत सिद्धांतने करून दिली होती.

भांडण कंपनीच्या नावावरून होतं आणि ते नाव कंपनीइतकंच जुनं होतं. यशवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीत नागपूरहून दिल्लीला आले, मागोमाग अंबादास आले. अंबादासना एडिटिंगचं वेड. दोघांनी आधी लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट केल्या, मग प्रौढ शिक्षणाच्या फिल्म, आणि मग एक हिंदी सिनेमा. हिरो कोणाच्या ओळखीचा नव्हता, गाणी बरी होती. चांदनी चौकातल्या वितरकाने पहिली रिळं बघितली आणि यशवंतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, “पिक्चर ठीक है. नाम बदलो. यशवंत कुमार रखो. ये सरनेम देखेंगे तो लोग पूछेंगे, कौन लोग हो.” यशवंतराव विचारात पडले होते. अंबादास म्हणाले, “पूछने दीजिए.” सिनेमा ‘गजभिये बंधू फिल्म्स’ या नावानेच लागला, आणि उत्तरेत जेमतेम चालला. नागपुरात मात्र पहिल्या खेळाला नावाची पाटी पडद्यावर आली आणि थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या. हिरोच्या एन्ट्रीला कोणी हूं की चूं केलं नाही.

पुढे सिनेमे झाले, मालिका झाल्या, काही पडले, काही तरले. नोएडात ऑफिस आलं. यशवंतराव माणसं सांभाळत, अंबादास सिनेमा सांभाळत. मॅनेजमेंट शिकून सिद्धांत कंपनीत आला आणि करार त्याच्याकडे आले. गेल्या वर्षी एका मोठ्या ओटीटी कंपनीने त्यांची आठ भागांची मालिका घेतली. अट एकच होती: पाटीवर ‘जीबी स्टुडिओज’ लिहायचं. समोरची मुलगी मीटिंगमध्ये म्हणाली होती, “इट्स क्रिस्प.” नावात काय खटकतं हे ती बोलली नाही आणि सिद्धांतनेही विचारलं नाही.

यशवंतराव कुरकुरत तयार झाले. “मालिका चांगली आहे, लोकांनी बघितली पाहिजे,” म्हणाले. अंबादास तयार होईनात. मालिका त्यांनीच दिग्दर्शित केली होती. दोन्ही भाऊ महिनाभर सिद्धांतमार्फत बोलत होते. समोरासमोर आले की हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत.

शुक्रवारी दुपारी, कराराच्या सहीच्या काही तास आधी, मेट्रोत सिद्धांतला काकांचा फोन आला. गाडीत गोंगाट होता. “ठीक आहे,” काका म्हणाले. “दादाला सांग, माझा राजीनामा आहे. करा काय सही करायची ती.” मग ते बोलायचे थांबले. फोन मात्र चालू राहिला. पलीकडून श्वास ऐकू येत होता.

सिद्धांत म्हणाला, “थँक यू, काका. सच में.” आणि फोन ठेवला. बाबांना त्याने सांगितलं, “काका मान गये.” बाबांनी दोनदा विचारलं, “अंबादास? खरंच?” तो म्हणाला, “बिल्कुल.” दुसऱ्या दिवशी बाबांनी भाच्याने नागपूरहून आणलेला बर्फीचा डबा वॉचमनच्या हाती सी टॉवरला पाठवला.

डब्याकडे बघत सिद्धांतने स्वतःची बाजू मांडून पाहिली. थिएटरवाल्याशी चाललेला कंपनीचा खटला मिटला तेव्हा वकिलाने ज्या कागदावर सही घेतली, त्यावर ‘राज़ीनामा’च लिहिलं होतं. दिल्लीत वाढलेल्या माणसाला तोच अर्थ आधी सुचणार. हे खरं होतं. पण आई असताना घरात रोज संध्याकाळी मराठी बातम्या लागत, आणि त्यांत दर आठवड्याला कोणीतरी राजीनामा देत असे किंवा मागत असे. तोही अर्थ त्याला ठाऊक होता. दोन्ही ठाऊक होते. काका फोनवर थांबले तेव्हा एक प्रश्न पुरला असता.

बाबा बाहेर यायच्या आत त्याने डबा कपाटात टाकला आणि गाडीची किल्ली उचलली.

काका शनिवारी संध्याकाळीच पानिपतला रोशनीकडे गेले होते. रोशनी त्यांची मुलगी, तिथल्या एका बँकेत मॅनेजर. धुक्यामुळे हायवेवर गाड्या रांगत होत्या. तो पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. रोशनीने दार अर्धंच उघडलं.

“पप्पा काला अंबला गेलेत. आणि तू काही बोलायच्या आधी सांगते, त्यांनी कालपासून धड खाल्लेलं नाही. बर्फी पाठवायची आयडिया कुणाची, यार?”

“बाबांची. पण त्यांना माहीत नव्हतं—”

“पप्पांना सांग,” ती म्हणाली. “मला नको.”

संक्रांत होऊन गेली होती, तरी काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाजवळ, साताऱ्याची एक बस उभी होती. अंबादास काका कोणाचा तरी मोबाइल हातात धरून पंधरावीस माणसांना रांगेत उभं करत होते. “ओ फेटेवाले, एक पाऊल मागे. ताई, सावलीतून बाहेर या. मावशी, हसू नका, युद्धाचं स्मारक आहे.” मावशी आणखीच हसल्या. काकांनी फोटो काढला, मोबाइल परत दिला, आणि मग त्यांना सिद्धांत दिसला.

“आलास? जय भीम.”

“जय भीम, काका.” त्याने गाडीत ठरवलेली सगळी वाक्यं घाईघाईने बोलून टाकली. शब्दाची गडबड झाली, हिंदीत वेगळा अर्थ, बाबांना काही माहीत नाही, बाबा खूश होते म्हणून डबा पाठवला.

 काका शेवटी म्हणाले, “मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला असं टीव्हीवर सांगतात, तेव्हा काय, त्याचं भांडण मिटलेलं असतं?”

“नाही.”

“मी फोनवर थांबलो होतो. वाटलं, पोरगं म्हणेल, काका असं काय करता, बाबांशी बोला. निदान गाडीतून उतरून फोन करतो म्हणेल.” त्यांनी कानटोपी काढून पुन्हा घातली. “तू थँक यू म्हणालास. माझ्या चाळीस वर्षांना. शैलाला सांगितलं तर तिला खोटं वाटलं.”

“मला नीट ऐकू आलं नाही, मेट्रोत—”

“ऐकू आलं नाही की विचारायचं नव्हतं?”

बसचा कंडक्टर लोकांना हाका मारत होता. सिद्धांतला ‘ऐकू आलं नाही’ म्हणता आलं असतं. काकांनी कदाचित ते चालवूनही घेतलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटत होतं.

“विचारायचं नव्हतं,” तो म्हणाला. “संध्याकाळी सही होती.”

काकांनी मान हलवली. राग दिसला नाही, आणि सिद्धांतला तो दिसायला हवा होता.

“मी चुकलो, काका. घरी चला. बाबा तुमची वाट बघतायत.”

“दादा कोणाची वाट बघतोय? राजी झालेल्या भावाची. तो भाऊ तू तयार केलास. मी त्याच्यासमोर जाऊन काय करू?” ते बसकडे बघत म्हणाले. “आधी त्याला सांग. तुझ्या तोंडून. मग तो काय म्हणतो ते बघू.”

सिद्धांत एकटाच परत आला. दिवेलागणीला यशवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. अंबादास पानिपतहून परत आला तर पटकन सी टॉवरला जाऊन दोघांनी मिळून शैलाच्या हातचं जेवायचं, असा त्यांचा बेत होता. सिद्धांत उभ्यानेच बोलला. फोन, शब्द, थँक यू, काकू, पानिपत. मेट्रोत आपल्याला विचारता आलं असतं, हेही सांगितलं.

यशवंतरावांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “राजीनामा म्हणाला? अगदी तोच शब्द?”

“हो, बाबा.”

“आणि मी त्याला बर्फी पाठवली.” त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. “लहानपणी रुसला की माळ्यावर जाऊन बसायचा. मी शिडी लावून वर जाईपर्यंत उतरायचा नाही. वाट बघायचा. त्याने वाट बघितली असेल रे दोन दिवस.”

“मी ओटीटीवाल्यांशी बोलतो. नाव परत—”

“तू आता कोणाशी बोलू नकोस,” यशवंतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. “फोन दे इकडे.”

अंबादास काकांचा फोन बंद होता. यशवंतरावांनी रोशनीला लावला. ती “जय भीम, मोठे बाबा” म्हणाली, आणि पप्पा जरा पडलेत, उठले की सांगते, म्हणाली. यशवंतरावांनी सांगितलं, घाई नाही, मी जागा आहे.

सोमवारी सकाळी ओटीटी कंपनीकडून नव्या नावाची पाटी मंजुरीसाठी आली आणि दुपारपर्यंत उत्तर मागितलं. यशवंतरावांनी ती उघडून बघितली नाही. पानिपतहून अजून फोन आलेला नाही.